आंबुशीच्या परीचा हेवा

सह्याद्रीच्या पायथ्याशी, जेथे दमलेले ढग डोंगराला पाठ टेकून घटकाभर बसतात, तेथे एका राणीसाहेबांची बाग होती. बागेत तांबडे गुलाब होते, पांढरा मोगरा होता, केशरी अबोली होती. आणि मधोमध, निळ्या चकचकीत चौथऱ्यावर, तुळशीचे वृंदावन होते. बागेच्या अगदी टोकाला, विहिरीच्या पलीकडे, गवताने शाकारलेली एक इवलीशी झोपडी होती. त्या झोपडीत सगुणा आणि तिची आठ वर्षांची मुलगी आवडी राहत असत.

सगुणा बागेत खुरपणी करी. वृंदावनाभोवतीचा वाफा तिच्याकडे होता. बागेचा एक जुना नियम असा होता की, दसऱ्याच्या सकाळी राणीसाहेब पूजेला येत, तेव्हा ज्या बाईचा वाफा स्वच्छ नसेल, तिने झोपडी सोडावी आणि दुसरीने तेथे यावे. सगुणाचा वाफा आजवर नेहमी आरशासारखा लख्ख असे.

पण त्या वर्षी श्रावणात सगुणाला ताप आला. ताप गेला, जाताना तोंडाची चव मात्र घेऊन गेला. भात कागदासारखा लागे, भाकरी मातीसारखी लागे. दोन घास खाल्ले की सगुणा ताटली बाजूला सारी.

"आई, आणखी एकच घास. चिऊचा."

"नको ग बाळ. चिऊलाच घाल. तिच्या तोंडाला तरी चव असेल."

असे म्हणून ती हसे. पण दिवसेंदिवस तिच्या हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सरकू लागल्या. मग आवडीने आईचे खुरपे उचलले आणि तीच वाफ्यावर जाऊ लागली.

वाफ्यात तिचे काम एकच होते. वृंदावनाच्या पायथ्याशी एक नाजूक हिरवी वनस्पती पुन्हा पुन्हा उगवे. तिच्या प्रत्येक देठावर तीन पाने असत आणि प्रत्येक पान बदामाच्या आकाराचे असे. फुले पिवळीधमक, मोहरीएवढी नाहीत, पण हरभऱ्याच्या फुलाहून फार मोठीही नाहीत. हीच आंबुशी. रावजी माळी, जे बागेचे मुख्य होते, ते तिला तण म्हणत.

"आवडे, दसऱ्याला या वाफ्यात आंबुशीचे एकही पान दिसता कामा नये," ते बजावीत. "दिसले तर झोपडी गेली. मग माझ्याकडे रडत यायचे नाही."

"होय, माळीकाका."

एके दिवशी वाफा खुरपता खुरपता संध्याकाळ झाली. शेवटचे एकच रोप उरले. आवडीने खुरपे उचलले आणि ती थबकली. आंबुशीने आपली तिन्ही पाने छत्री मिटावी तशी मिटून घेतली होती. ती झोपली होती.

आवडीला आईची शिकवण आठवली. दिवस मावळल्यावर झाडाला हात लावू नये. झोपलेल्याला कोणी उपटते का? तिने खुरपे खाली ठेवले.

जवळच रावजींची मुलगी शेवंती उभी होती. ती आवडीच्याच वयाची होती. तिच्या परकराला जरीचे काठ होते. "एका रोपासाठी उद्या परत येणार?" ती म्हणाली. "कामचुकारपणाला बरे निमित्त सापडले तुला!"

"ती झोपली आहे ग, शेवंते."

"गवत झोपते म्हणे! मग पांघरूण घाल की!"

शेवंती खिदळत निघून गेली. आवडीने मात्र खरोखरच एक सुकलेले बदामाचे पान उचलले आणि रोपाला दव बाधू नये म्हणून अलगद त्यावर झाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते पान दूर केले, तो काय आश्चर्य! देठावर अंगठ्याएवढी एक परी बसली होती. तिला तीन हिरवे पंख होते, तिन्ही बदामी आकाराचे. तिने पाच पाकळ्यांचा पिवळा झगा घातला होता आणि तिच्या केसांत दवाचे सात थेंब सात दिव्यांसारखे लुकलुकत होते.

आवडीला वाटले, आता ही गोड आवाजात आशीर्वाद देईल. पण परीने वृंदावनाकडे बोट दाखवले आणि ती तावातावाने म्हणाली, "ती पाहिलीस? पाहिलीस का तिला?"

"कोणाला?"

"तुळशीला! रोज सकाळी पाणी. रोज संध्याकाळी दिवा. वर्षाला एकदा लग्न, तेही वाजतगाजत, ऊस आणि चिंचा आणि आवळे मांडून! आणि मी तिच्या पायाशी जन्मभर राहते, तर मला काय मिळते? खुरपे!"

आवडीने खुरपे पाठीमागे लपवले.

"लपवू नकोस. मला सवय आहे," परी म्हणाली, आणि मग तिचा आवाज थोडा खाली आला. "पण पांघरूण मात्र मला कोणी घातले नव्हते. म्हणून मी तुला तीन वर देणार आहे. आधी नियम ऐक."

आवडी गुडघ्यांवर बसली. परी आपल्या चिमुकल्या बोटांवर मोजू लागली.

"पहिला नियम. मला नेण्यापूर्वी आदल्या संध्याकाळी, मी जागी असताना, हळद आणि अक्षता वाहून निमंत्रण द्यायचे. मोठ्याने, नीट शब्दांत. आमंत्रणावाचून आलेले औषध पाहुण्यासारखे नसते, चोरून आणलेल्या वस्तूसारखे असते."

"आईही असेच करते," आवडी म्हणाली.

"दुसरा नियम. एका वेळी तुझ्या एका मुठीत मावतील तेवढीच पाने. मूळ उपटायचे नाही. मी आंबट आहे. थोडी घेतली तर गुण, फार घेतली तर बाधा. आणि वरामुळे माझ्या पानाचा गुण शंभरपट वाढेल, पण तो बदलणार नाही. पहिले दोन वर पानांचे. तिसरा मात्र माझा स्वतःचा. तो दसऱ्याच्या सकाळी माग. काय हवे ते माग."

आवडीच्या डोळ्यांपुढे झोपडी उभी राहिली. ती झोपडी कायमची आपली व्हावी आणि आईला ती कधी सोडावी लागू नये. तिसरा वर तिने त्याच क्षणी मनात ठरवून टाकला.

"आणि तिसरा नियम," परी उठून उभी राहिली, "तो सर्वांत महत्त्वाचा. दसऱ्यापर्यंत माझ्या कानांवर तुझ्या तोंडून दुसऱ्या कोणत्याही पानाची स्तुती पडता कामा नये. तुळशीची तर मुळीच नाही. पडली, तर तिसरा वर संपला."

"पण तुला ऐकू कोठवर येते?"

"जेथे जेथे आंबुशी उगवते, तेथवर," परी म्हणाली. आणि बागेत आंबुशी कोठे उगवत नव्हती?

त्याच संध्याकाळी, पाने मिटण्यापूर्वी, आवडीने रोपाला चिमूटभर हळद आणि चार अक्षता वाहिल्या. "आंबुशीबाई," ती हात जोडून म्हणाली, "माझ्या आईच्या तोंडाची चव गेली आहे. उद्या सकाळी आमच्या घरी यावे."

तीन पाने किंचित हलली. मग ती मिटली.

सकाळी तिने एक मूठ पाने खुडली. आईने अंथरुणातूनच सांगितले तशी तिने ती धुतली, चिरली, मऊ शिजलेल्या मुगाच्या डाळीत घातली. कढल्यात तेल तापवून मोहरी तडतडवली आणि लसणाच्या चार पाकळ्या ठेचून टाकल्या. त्या तांबूस झाल्या तेव्हा ती चुरचुरती फोडणी डाळीवर ओतली. झोपडीभर असा वास दरवळला की, छपरावरची खारसुद्धा खाली डोकावली.

सगुणाने एक घोट घेतला. ती थांबली. मग तिच्या जिभेने टाळूवर एक टिचकी मारली: टक्!

"आवडे! यात चिंच घातलीस?"

"नाही."

"मग कोकम?"

"नाही ग आई. आंबुशी!"

"अग, माझ्या आईच्या हातची आमटी अशी लागे!" सगुणा म्हणाली, आणि तिने वाटी दोन्ही हातांनी तोंडाला लावली. त्या दिवशी तिने अर्धी भाकरी खाल्ली. आठ दिवसांत ती भिंतीला टेकून बसू लागली. पंधरा दिवसांत तिच्या बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या आणि ती आवडीची वेणी घालू लागली.

परी रोज सकाळी वृत्तान्त विचारी. "जेवल्या का? काय म्हणाल्या? खरे सांग, तुळशीच्या पानाची आमटी होते का?"

"तुळशीची आमटी नाही होत," आवडी खरे तेच सांगे.

"बघ!" परी आनंदाने गिरकी घेई. "आणि गुलाबाची?"

"गुलाबाचीही नाही."

"बघ, बघ!" पण गिरकी संपली की, तिची दृष्टी पुन्हा वृंदावनाकडे वळे आणि तिच्या पंखांचा रंग थोडा फिका पडे. कितीही ऐकले तरी तिचे पोट भरत नसे.

आता आवडीच्या हातून आंबुशी खुरपली जाईना. मैत्रिणीला कोण खुरपील? वाफ्यात हिरवी पाने पसरू लागली. दसऱ्याला तिसरा वर आहेच, असे म्हणून आवडी मनाला धीर देई.

एके दिवशी तिला विहिरीच्या काठी हुंदके ऐकू आले. शेवंती राणीसाहेबांच्या तांब्याच्या हंड्यापुढे बसून रडत होती. पूजेचा तो भलामोठा हंडा पावसाळ्यात काळा पडला होता. तो उजळण्याचे काम रावजींनी शेवंतीला दिले होते; पण घरातली चिंच संपली होती आणि राखेने घासून घासून तिच्या बोटांची सालटी निघाली होती.

"हसायला आलीस?" शेवंतीने डोळे पुसले. "हास."

आवडी हसली नाही. तिने दुसरा वर वापरला. संध्याकाळी निमंत्रण झाले, सकाळी मूठभर पाने आली. ती तिने चिमूटभर मिठाबरोबर हंड्यावर चोळली. आंबट रस लागताच काळा डाग पळाला आणि आतून असा तांबूस उजेड बाहेर आला, जणू विहिरीच्या काठावर एक दुसरा सूर्य उगवला.

राणीसाहेबांनी हंडा पाहिला आणि शेवंतीला डाळिंबी रंगाचा रेशमी परकर दिला. शेवंती तो नेसून बागेत फिरली. हंडा कोणाच्या पानांनी उजळला, हे तिने कोणालाही सांगितले नाही.

आवडी वाफ्यात बसली होती. तिच्या परकराला चार ठिगळे होती. तिने डाळिंबी रेशमाची सळसळ ऐकली आणि तिच्या छातीत काहीतरी टोचले. ती पुन्हा पुन्हा तिकडे पाहू लागली. न पाहण्याचे तिने ठरवले, आणि तरी पाहिले.

"परीताई," ती हळूच म्हणाली, "मला येथे काहीतरी होते आहे. शेवंतीचा परकर फाटावा, असे मला वाटले. मी वाईट मुलगी आहे का?"

परी आवडीच्या गुडघ्यावर येऊन बसली.

"तो हेवा आहे," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे तो. रोज संध्याकाळी तिकडे दिवा लागतो तेव्हा मला नेमके तेथेच टोचते."

"त्यावर तुझी पाने चालतात का?"

"नाही," परीने उसासा टाकला. "मी स्वतःवर करून पाहिले आहे."

दोघी शेजारी शेजारी बसून राहिल्या. एक परकराकडे पाहत, एक वृंदावनाकडे पाहत.

इतक्यात शेवंती तेथे आली. परी चटकन पानाआड झाली. शेवंतीने आवडीच्या डोक्याकडे पाहिले. घट्ट, तुळतुळीत, पेडाला पेड नीट बसलेली वेणी.

"रोज तुझी आई घालते का ग ही?" तिने विचारले.

"होय."

"माझी मीच घालते. मागचा भांग मला दिसत नाही." एवढेच बोलून शेवंती वळली आणि तिची रेशमाची सळसळ दूर गेली. तिची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती. आवडी तिच्या वाकड्यातिकड्या भांगाकडे पाहत राहिली आणि तिच्या छातीतले टोचणे पुष्कळसे कमी झाले.

दसरा चार दिवसांवर आला. सगुणा आता चालू लागली होती. वाफ्यात काय चालले आहे हे पाहण्यासाठी ती पहाटे उठून दवात गेली आणि अर्ध्या वाटेवरूनच भिजून परत आली. त्याच दिवशी तिला खोकला लागला. साधासुधा नव्हे, एकदा उबळ आली की तिला धड श्वास घेता येईना. ती चुलीपाशी पाठ टेकून बसली आणि तिचे ओठ पांढरे पडले.

आवडी धावत परीकडे गेली. "परीताई, तिसरा वर आजच दे! झोपडी नको मला. आईचा खोकला घालव!"

"तिसरा वर दसऱ्याच्या सकाळीच फळतो," परी म्हणाली. "आधी देणे माझ्या हाती नाही. पण तू घाबरतेस कशाला? पाने घे की माझी! मूठभर घे."

आवडीने हात पुढे केला आणि मागे घेतला. "खोकल्यात आंबट कसे चालेल? आई नेहमी सांगते, खोकला असला की ताकसुद्धा नको. आणि तुझा गुण तर आता शंभरपट आंबट आहे."

परीचे पंख ताठ झाले. "मग काय चालते?"

काय चालते हे आवडीला पक्के ठाऊक होते. विहिरीमागच्या कुंपणाला अडुळसा होता. लांबट गर्द पानांचा, पांढऱ्या फुलांचा. त्याच्या पानांचा रस मधात घालून दिला की खोकला सुटतो, हे सगुणाने तिला कितीदा तरी सांगितले होते. पण अडुळसा घरी आणायचा म्हणजे त्यालाही निमंत्रण हवे. मोठ्याने हवे, नीट शब्दांत हवे, आणि त्याचा गुण सांगून हवे. आणि कुंपणाच्या मुळाशी आंबुशी उगवलेली होती.

निमंत्रण न देता चार पाने ओरबाडून आणावीत का? कोणाला कळणार? आवडीने क्षणभर तसा विचार केला. पण चोरून आणलेले औषध आईच्या ओठांना लावायला तिचा हात धजेना. आणि परीच्या पाठीमागे जाऊन तिच्याविरुद्ध काही करणे, तेही तिला बरे वाटेना.

"परीताई," ती म्हणाली, "मी तुझ्यासमोरच सांगते. खोकल्यावर अडुळसा चांगला. तुझ्याहून चांगला. आज संध्याकाळी मी त्याला बोलावणार आहे."

टप्! टप्! टप्! रोपावरच्या साऱ्या पिकलेल्या शेंगा एकदम फुटल्या आणि बी चहूकडे उडाले.

"अडुळसा!" परी किंचाळली. "तो कडू! तो कुंपणावरचा आडदांड! त्याला शेळीसुद्धा तोंड लावीत नाही!"

"तरी खोकल्याला तोच लागतो ग."

"मग जा! तिसरा वर संपला! झोपडी गेली!"

आणि भर दुपारी, ऊन लखलखत असताना, आंबुशीने आपली तिन्ही पाने मिटून घेतली. परी दिसेनाशी झाली. आवडीच्या डोळ्यांतून दोन टपोरे थेंब रोपाशेजारी पडले. मग तिने डोळे पुसले आणि ती हळद आणायला गेली.

संध्याकाळी ती कुंपणापाशी उभी राहिली. तिने अडुळशाला हळद वाहिली, अक्षता वाहिल्या, हात जोडले. आसपास कोणी नव्हते. वाऱ्याने कुंपणाची पाने हलत होती, एवढेच.

"अडुळसेबुवा," ती म्हणाली, "खोकल्यावर तुमच्यासारखे औषध नाही. उद्या सकाळी आमच्या घरी यावे." एवढे म्हटले की निमंत्रण पुरे होते. पण आवडी थांबली नाही. पाहुण्याला घरची माहिती द्यावी, तशी ती सांगू लागली.

"आमच्याकडे तुमच्याआधी आंबुशी येऊन गेली आहे. आई भाताचे शीतही खात नव्हती, तेव्हा तिनेच तिला जेवायला लावले. तिने आईच्या अंगात बळ आणले, म्हणून तर आई आज खोकल्याशी झगडू शकते. ती आता माझ्यावर रागावली आहे. बरोबरच आहे तिचे. पण तुम्ही आलात की असे समजू नका, तुम्ही एकटेच आईला बरे करता आहात. अर्धे काम तिने आधीच केलेले आहे. तुम्ही तिच्याशी गोडीने राहा. ती फार चांगली आहे. फक्त तिला ते कोणी सांगितलेले नाही."

एवढे बोलून आवडी घरी गेली. तिने मागे वळून पाहिले नाही. पाहिले असते, तर कुंपणाच्या मुळाशी तिला तीन मिटलेली पाने हळूहळू उघडताना दिसली असती, सूर्य मावळलेला असूनही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अडुळशाची चार पाने चुलीवर वाफवून आवडीने रस काढला, त्यात चमचाभर मध घातला आणि आईला चाटवला. सगुणाने तोंड वाकडे केले.

"कडू ग बाई!"

"पाहुणा आहे तो आई. असे तोंड करू नये."

सगुणाला हसू आले. हसताना खोकला आला. आणि खोकल्याबरोबर छातीत अडकलेले सारे सुटले. पहिल्या दिवशी तिला मोकळा श्वास आला, दुसऱ्या दिवशी झोप आली, तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आवडे, मला तुझी आंबुशीची आमटी खावीशी वाटते. खोकला पुरता गेला की करशील?"

पण दसरा उद्यावर आला होता. वाफ्यात आंबुशी माजली होती आणि आवडीपाशी आता वर नव्हता.

"आई," ती म्हणाली, "उद्या आपल्याला येथून जावे लागेल. चूक माझी आहे." आणि तिने आईला सारे सांगितले.

सगुणाने तिला जवळ ओढले. "तू मला श्वास दिलास. झोपडी काय, दुसरीकडे गवत मिळेल," ती म्हणाली. पण बोलताना तिची नजर चुलीवरून फिरली, खुंटीवरून फिरली, दारातल्या इवल्याशा उंबऱ्यावर येऊन थांबली.

दसऱ्याची सकाळ सोनेरी उगवली. राणीसाहेब पूजेचे ताट घेऊन आल्या. मागे रावजी, मागे शेवंती, आणि सर्वांत मागे, एकमेकींचे हात धरून, सगुणा आणि आवडी. सर्वजण वृंदावनाशी आले आणि जागच्या जागी थांबले.

गुलाबांच्या ताटव्यात आंबुशी नव्हती. वाटांवर नव्हती. मोगऱ्याखाली नव्हती, कुंपणाशी नव्हती. साऱ्या बागेतली आंबुशी, एकूण एक रोप, रातोरात एकाच ठिकाणी आली होती: निळ्या चौथऱ्याभोवती, अगदी गोल, हातभर रुंदीचा एक हिरवागार गालिचा झाली होती. त्यावर पिवळी फुले अशी विखुरली होती की, तुळशीने जरीच्या काठाचे लुगडे नेसले आहे असे वाटावे.

"वीस वर्षे मी हे तण खुरपतो आहे," रावजी डोळे चोळत म्हणाले. "एका जागी म्हणून कधी राहिले नाही!"

"हे तण आहे?" राणीसाहेबांनी विचारले. "मग इतके सुरेख कसे दिसते?"

तेव्हा डाळिंबी परकर सळसळला. शेवंती पुढे आली. तिचे कान लाल झाले होते.

"ते तण नाही, राणीसाहेब. ती आंबुशी आहे. तिची आमटी होते. आणि तुमचा हंडा... तो मी नाही उजळला. आवडीने उजळला, या पानांनी. परकर तिचा आहे." आणि खाली पाहून ती पुढे म्हणाली, "मला तिचा हेवा वाटत होता. तिची आई तिची वेणी घालते."

"मलाही तुझा वाटत होता," आवडी म्हणाली. "परकराचा." मग तिने आईकडे पाहिले. आईने मान हलवली. "परकर तूच ठेव. आणि उद्यापासून सकाळी आमच्याकडे ये. आई दोघींची वेणी घालील."

राणीसाहेबांना सारी हकिकत कळली. त्यांनी सगुणाला जवळ बोलावले. "सगुणाबाई, झोपडी आजपासून तुमची. कायमची. आणि विहिरीपासून कुंपणापर्यंतची जमीन अशा औषधी रानवनस्पतींसाठी राखायची. त्यांचे गुण तुम्हाला ठाऊक आहेत. ते साऱ्या गावाला शिकवा."

रावजींनी खुरपे आपल्या कमरेला खोचले आणि ते हळूच म्हणाले, "आमटीत लसूण किती घालायचा, तेही सांगा म्हणजे झाले."

सर्वजण पूजेला वळले. तेव्हा आवडीला आपल्या कानाशी एक चिमुकला आवाज ऐकू आला. परी तिच्या खांद्यावर बसली होती. तिचे पंख आज पाचूसारखे झळकत होते.

"वर तर संपला होता," आवडी कुजबुजली.

"वर नाही हा," परी म्हणाली. "तू कुंपणापाशी बोललीस ना, ते मी ऐकले. मी रोज तुझ्याकडून स्तुती काढून घेत होते आणि तरी रिकामी राहत होते. त्या दिवशी तुला काहीच मिळायचे नव्हते, आणि तू माझ्याविषयी चांगले बोललीस. तेथे, जेथे टोचत होते, तेथे आता टोचत नाही. मग मी म्हटले, तुळशीलाच एकदा भेटून यावे."

"भेटलीस? काय म्हणाली ती?"

परी हसू लागली. तिच्या केसांतले सातही थेंब हलले. "म्हणाली, बरे झाले आलीस. उन्हात उभे राहून माझे पाय भाजत होते. आणि काय म्हणाली ठाऊक आहे? तिला माझाच हेवा वाटे! रोज संध्याकाळी मी खुशाल पाने मिटून झोपते, आणि तिच्या मात्र डोळ्यांवर दिवा!"

आवडीला इतके हसू आले की, तिला तोंडावर हात धरावा लागला.

"मी आता तिच्या पायाशीच राहणार आहे," परी म्हणाली. "तुला दिसणार नाही, पण बोलावलेस की येईन. मूठभरच."

आणि ती उडाली. पिवळा झगा सोनेरी झाला, सोनेरी झगा पांढरा झाला. वृंदावनाभोवती प्रकाशाचे एक इवलेसे कडे फिरले, फुलाफुलावर एक एक ठिणगी ठेवून गेले आणि सकाळच्या उन्हात विरघळले.

त्या संध्याकाळी राणीसाहेबांनी तुळशीपुढे दिवा लावला, तो थोडा बाजूला, तिच्या डोळ्यांवर येणार नाही असा. तसे करायला त्यांना आवडीने सांगितले होते. चौथऱ्याखाली आंबुशीने पाने मिटली होती. येथे या गोष्टीनेही पाने मिटावीत; आणि तुमच्या ताटात उद्या आंबट आमटी यावी.